पथ्य, ताट आणि पावडरचा डबा : सोलापुरातल्या एका पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

२९ ऑक्टोबर २०२४

आज जागतिक सोरायसिस दिन. यंदा धनत्रयोदशीही आजच आल्यामुळे ओपीडीत गर्दी नव्हती. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमशी निवांत बोलणं झालं आणि बरेच दिवस नुसतं बोलण्यावर राहिलेलं काम एकदाचं कागदावर आलं. सोरायसिस, एक्झिमा, मुरुम अशा त्वचेच्या दाहाच्या आजारांत प्रोटीन पावडर घ्यावी का, कुणी घ्यावी, कुणी अजिबात घेऊ नये, आणि सोलापूरच्या रोजच्या जेवणातून किती प्रथिनं मिळतात, एवढ्याच प्रश्नांची उत्तरं देणारं घडीचं पत्रक काढायचं. आजाराची बाजू मॅडम बघणार, आहाराची मी. छपाईचा खर्च मॅडमच्या ओळखीतले एक चादर कारखानदार उचलणार आहेत. त्यांच्या घरातही हा आजार आहे.

प्रश्न कुठून आला तेही लिहून ठेवते. हल्ली त्वचेचे रुग्ण माझ्याकडे आले की 'काय खाऊ' विचारण्याआधी 'कुठला डबा घेऊ' असं विचारतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेले असतात. व्हिडिओत सांगतात ते असं : कातडी, केस, नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात. सोरायसिसमध्ये कातडी भराभर गळते. म्हणजे प्रथिन जातं. म्हणून प्रथिन भरा. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. निरोगी त्वचेत खालच्या थरातली पेशी वर येऊन गळायला साधारण २८ दिवस लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात तेच तीन ते पाच दिवसांत होतं. पण ही घाई प्रथिन कमी पडल्यामुळे होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच बिथरलेली असते. टी-पेशी चेकाळतात, इंटरल्यूकिन-१७, इंटरल्यूकिन-२३, टीएनएफ-आल्फा ही दाह पेटवणारी रसायनं सुटत राहतात आणि त्वचेला उसंत मिळत नाही. ताटात प्रथिन वाढवलं म्हणून हे थांबत नाही. पत्रकाच्या पहिल्या घडीवर हेच यायला हवं.

८ नोव्हेंबर

यंत्रमागावर टॉवेल विणणारे एक अण्णा आले. पन्नाशीच्या आतले, वजन ५८ किलो. दोन्ही कोपरं, गुडघे, कंबर आणि डोक्यात चट्टे. बसायच्या आधीच पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "तीन महिने झाले खायलोय मॅडम, फरक काय दिसंना. आता मोठा डबा घेऊ का?"

डबा हातात घेऊन सगळीकडून वाचला. एक किलो, २,८०० रुपये. एक स्कूप ३३ ग्रॅमचा, त्यात २४ ग्रॅम प्रथिन असल्याचा दावा. म्हणजे डब्यात तीस स्कूप आणि एका स्कूपला ९३ रुपये. घटकांत व्हे कॉन्सन्ट्रेट (व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन), कोको, गोडीसाठी सुक्रालोज, आणि शेवटाकडे ग्लायसिन. हे ग्लायसिन मला खटकलं. पदार्थातलं प्रथिन मोजण्याची जुनी रीत अशी की त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. ग्लायसिन, टॉरिन ही स्वस्त अमिनो आम्लं घातली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिनही वाढतं. या डब्यात तसं केलंय असं मी म्हणू शकत नाही, तपासल्याशिवाय म्हणूही नये. पण यादी वाचताना नजर कुठे थांबवायची, हे रुग्णांना सांगता येईल.

मागच्या बाजूला, बारकोडच्या वर, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा बारीक इंग्रजीत छापलं होतं की हे उत्पादन औषधी उपयोगासाठी नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांप्रमाणे अशा पोषणपूरकांवर हे छापावंच लागतं, आणि रोग बरा करण्याचा दावाही करता येत नाही. डब्यावर तसा दावा नव्हताच. तो विकणाऱ्यानं तोंडी केला होता.

अण्णांना ते वाक्य मराठीत सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांनी दिवाळीच्या बऱ्याच आधी बंद केली होती. "तपासणीला आलं की खाडा पडतो. आणि दुकानदार म्हणला, ती गोळी गरम पडती, ही पावडर नॅचरल हाय." खाड्याचे पैसे वाचवून ते डब्यात गेले.

मला मनापासून राग आला, अण्णांचा नाही. मागाजवळ उभं राहून रोजावर काम करणाऱ्या माणसाच्या खिशातून २,८०० रुपये जातात आणि त्या बदल्यात त्याचं चालू औषध सुटतं. पावडरनं थेट अपाय केला नसेलही, पण उपचाराची जागा तिनं घेतली. त्याच दिवशी त्यांना मॅडमकडे पाठवलं. आधी रक्ततपासणी, यकृत-मूत्रपिंड ठीक असेल तर गोळी पुन्हा सुरू. मॅडमनी त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं : गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. ही ओळ पत्रकात मोठ्या अक्षरात घालायची, विषय प्रथिनांचा असला तरी.

२१ नोव्हेंबर

काल मतदानाची सुट्टी होती. दिवसभर वाचन केलं. व्हे प्रथिनाचा सोरायसिसला उपयोग होतो हे म्हणणं आलं कुठून, याचा माग काढला. अगदीच हवेतलं नाही ते.

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. २००६-०७ च्या सुमारास कॅनडात व्ह्यातून काढलेल्या एका खास अर्काची चाचणी झाली. या अर्कात टीजीएफ-बीटा हा वाढघटक जास्त प्रमाणात ठेवलेला होता आणि तो टी-पेशींचा चेव कमी करेल अशी अपेक्षा होती. सौम्य ते मध्यम सोरायसिसचे ८४ रुग्ण, रोज ५ ग्रॅम, तुलनेला औषध नसलेल्या गोळीचा गट. डॉक्टरांनी केलेल्या एकूण मूल्यमापनात अर्काचा गट थोडा सरस ठरला. दुसरा अभ्यास २०१३ चा, अमेरिकेतला. प्रक्रियेत रचना न बिघडलेलं व्हे आयसोलेट रोज २० ग्रॅम, तीन महिने. या व्ह्यातल्या सिस्टीनमुळे शरीरात ग्लुटाथायोन वाढतं, अशी त्यामागची कल्पना. रुग्णांना बरं वाटलं, पण रुग्ण होते फक्त सात आणि तुलनेचा गट नव्हता.

यातून काय घ्यायचं? कल्पना अभ्यासण्याजोगी आहे, पुरावा तुटपुंजा आहे. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे कॅनडातला तो अर्क आणि व्यायामशाळेच्या काउंटरवरचा चॉकलेट चवीचा डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकाच्या चाचणीचं पुण्य दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातंय.

याउलट, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळानं आहाराबद्दलचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची निघाली : वजन जास्त असलेल्या रुग्णांनी उष्मांक कमी करून वजन उतरवावं. त्यानं चट्टे कमी होतात. ज्यांचं पोट सुटलंय त्यांनी नेहमीच्या जेवणावर पावडरचे दोन ग्लास चढवले तर गाडी उलट्या दिशेला जाते. 'मास गेनर' लिहिलेल्या डब्यांत तर प्रथिनापेक्षा माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिष्टच जास्त असतं.

मॅडमनी विचारलं, पनीरचं पाणी प्यालं तर? चांगला प्रश्न आहे, बरेच रुग्ण विचारतात. ते व्हेच, पण १०० मिलीत एक ग्रॅमभरही प्रथिन नसतं. पनीरसाठी दूध चांगलं तापवतात, त्या उष्णतेनं बरंचसं व्हे प्रथिन केसिनबरोबर पनीरमध्येच बसतं. कणीक भिजवायला वापरावं, औषध म्हणून पिऊ नये.

५ डिसेंबर

आज या प्रकल्पाची दिशा बदलली, म्हणून सविस्तर लिहिते.

महिनाभर प्रत्येक रुग्णाला डब्याबद्दल विचारून झालं की मी एक जास्तीचा प्रश्न विचारत होते : पथ्य काय पाळता? उत्तरं वहीत लिहून ठेवली होती. आज सगळी एकाखाली एक वाचली. अंडी बंद, मासे बंद, मटण बंद. दही आणि ताक आंबट म्हणून बंद. शेंगदाणे गरम म्हणून बंद, आणि हे सोलापुरात, जिथे शेंगा चटणीशिवाय भाकरी मोडत नाहीत. तूरडाळीनं पित्त होतं म्हणून आमटी पातळ करून, वरचं पाणीच घ्यायचं. हरभरा, उडीद, मटकी वातूळ. दूध चालतं, पण मिठाच्या जेवणाबरोबर नाही. कुणाला हे वैदूनं सांगितलं, कुणाला सासूनं, कुणाला शेजारणीनं. यादीतलं एकेक नाव पुसत गेलं की ताटात उरतं काय? भाकरी, भात, दोडका, दुधी.

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका मावशी दोन वर्षं असंच जेवतात. तळहाताला भेगा, सोरायसिस तळव्यांवर आहे. केस विरळ झालेत, पायऱ्या चढताना दम लागतो. मुलानं आईची कीव येऊन हप्त्यावर पावडर आणली. त्या ती पाण्यात कालवून घेतात, कारण दूध पथ्यात बसत नाही.

म्हणजे प्रथिन जातंय कुठून, हे मला दुसरीकडे शोधायचं कारणच उरलं नाही. खपल्यांवाटे जातं त्याहून कितीतरी जास्त या माणसांच्या ताटातून पथ्याच्या नावानं काढून घेतलं जातंय, आणि मग तेच महागाचं करून डब्यातून विकलं जातंय. पत्रकाचा मुख्य भाग आता हा. डब्याची माहिती त्यानंतर.

खरं पथ्य आहेच, तेही ठळक लिहायचं. दारू बंद : सोरायसिस भडकतो, आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर यकृतावर दुहेरी भार पडतो. विडी-सिगारेट बंद. वजन आटोक्यात. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, फक्त त्यांनीच टाळायचं ज्यांच्या रक्तात सीलिॲकच्या (ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराच्या) तपासणीतली प्रतिपिंडं सापडली आहेत. तशीही ज्वारीत ग्लुटेन नसतंच, आपली भाकरी त्यांनाही चालते. लहान मुलांच्या एक्झिमात दूध किंवा अंड्याची खरी ॲलर्जी काही मुलांना असते, पण ती डॉक्टरांनी ठरवावी. अंदाजानं दूध तोडलं तर मूल खुरटतं.

वांग्याबद्दल मॅडमशी चर्चा झाली. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो की वांग्यानं खाज येते. माझं मत असं पडलं की वांग्यावर वाद घालू नये. कुणाला त्रास वाटतो, तर सोडू दे. वांगं सोडल्यानं प्रथिनाचं काही नुकसान होत नाही, आणि आपण त्यांच्या अनुभवाला खोटं म्हटलं नाही हे त्यांना कळतं. मग डाळीबद्दलचं म्हणणं ते ऐकून घेतात.

१३ डिसेंबर

आज एक वेगळा रुग्ण. अभियांत्रिकीचा विद्यार्थी, व्यायामशाळेत जातो. पाठीवर आणि जबड्यावर मोठे, दुखरे मुरुम. रोज व्ह्याचे दोन स्कूप. व्ह्यामुळे इन्सुलिन चांगलंच वाढतं, त्यातल्या ल्युसिन या अमिनो आम्लामुळे वाढीचे संदेश जोर धरतात, आयजीएफ-१ हा वाढघटक वाढतो आणि त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त काम करू लागतात. २०१२ मध्ये व्हे घेणाऱ्या पाच तरुणांच्या मुरुमांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती, पुढे इतर देशांतूनही अशा नोंदी आल्या. व्हे घेणाऱ्या प्रत्येकाला मुरुम येतात असं नाही. पण आलेले हटत नसतील तर डबा बंद करून बघणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

तो म्हणाला, "मग स्नायू कसे बनतील?" हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी असं स्पष्ट म्हटलंय, ते दाखवलं. अंडी, हरभरे, सोया वड्या यांचा हिशेब मांडून दिला. इंजेक्शन किंवा इतर काही घेतोस का, हेही विचारलं. नाही म्हणाला. हा प्रश्न अशा प्रत्येक मुलाला विचारायला हवा, कारण ॲनाबॉलिक स्टेरॉइडनं असेच मुरुम येतात.

२८ डिसेंबर

आज स्वयंपाकघरातला तराजू आणि कालचं जेवण. अण्णांच्या जेवणाचा पूर्ण हिशेब केला, पत्रकात नमुना म्हणून तोच घालायचा. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव येणार नाही.

त्यांच्या घरी भाकरी मोठी असते. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्यासमोर पीठ घेतलं आणि मी परातीत पाणी पडायच्या आधीच तराजूवर ठेवलं : ६० ग्रॅम, मालदांडी ज्वारीचं. अक्कांना हसू येत होतं, एवढ्या वर्षांत त्यांनी कधी पीठ मोजलं नव्हतं. एका हातानं भाकरी थापत, फिरवत त्या बोलत होत्या आणि भाकरी परातीच्या कडेपर्यंत गेली तरी कुठे चिरली नाही. ६० ग्रॅम पिठात ६ ग्रॅम प्रथिन. दिवसाच्या तीन भाकऱ्या, १८ ग्रॅम. रात्रीच्या भाताचे तांदूळ १०० ग्रॅम, त्यात ८. आमटीत त्यांच्या वाट्याची डाळ ३० ग्रॅम, म्हणजे साडेसहा. शेंगा चटणी २० ग्रॅम, ५. भाजीतून ३, चहातल्या दुधातून ३. बेरीज साडेत्रेचाळीस.

त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. अण्णांसाठी ४८. पण तो आकडा उत्तम दर्जाच्या प्रथिनाचा. जेवण मुख्यतः धान्याचं असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरायचा, म्हणजे ५८. तूट साडेचौदा ग्रॅमची. एक उकडलेलं अंडं, मूठभर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि एक वाटी दही. एवढ्यात साडेपंधरा ग्रॅम मिळतात, खर्च वीस रुपयांच्या आसपास. डब्यातला स्कूप ९३ रुपयांचा.

ज्वारीत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी आणि डाळीत भरपूर, त्यामुळे भाकरी-आमटी एका जेवणात आली की प्रथिनाचा दर्जा सुधारतो. आमटी घट्ट हवी, एवढंच. वरचं पाणी पिऊन उपयोग नाही.

शाकाहारी घरांसाठी हुलगे हे मला सर्वात मोलाचं वाटतं. १०० ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिन, तूरडाळीइतकंच, आणि या भागात ते शेंगोळ्यांच्या आणि माडग्याच्या रूपानं पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं. आता नव्या सुना ते करत नाहीत, 'गरिबाचं खाणं' म्हणून मागे पडलं. पत्रकात शेंगोळ्यांची कृती पूर्ण द्यायची : हुलग्याचं पीठ, थोडं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, तिखट, मीठ, घट्ट मळून बोटाएवढ्या वळ्या, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडून शिजू द्यायच्या.

शेंगदाण्याबद्दल एक सूचना हवी. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिन आहे, पण जवळपास निम्मं तेल. वजन उतरवायचं असणाऱ्यांनी चटणी चमच्यानं मोजून घ्यावी. बंद करायचं काही कारण नाही.

९ जानेवारी २०२५

विडी घरकुलात मावशींकडे गेले. सूप मांडीवर, तेंदूपान कातरून ठेवलेलं, बोटं थांबत नव्हती. तळहातावरच्या भेगांत तंबाखूची पूड बसलेली. घासलं जातं, कापलं जातं त्याच जागी सोरायसिस नव्यानं उठतो, हे या आजाराचं ओळखीचं लक्षण. काम सोडा, असं त्यांना कोण सांगणार? मॅडमनी सांगितल्याप्रमाणे रात्री हात कोमट पाण्यात धुऊन, ओलसर असतानाच पांढरं पॅराफिन जेली जाड थरानं लावून सुती मोजे घालायचे, हे करून दाखवलं. थंडीत इथली हवा आणखी कोरडी, त्यामुळे भेगा वाढतात.

घरात डब्याशेजारी प्लॅस्टिकच्या पुडीत आणखी एक पावडर निघाली. ना नाव, ना परवाना क्रमांक, ना तारीख. बाजारात एकानं 'रक्त साफ करणारं प्रोटीन' म्हणून दिली. मावशी म्हणाल्या, "हिनं आठ दिवसांत हात साफ झाले होते गं बाई. संपली की दुप्पट आलं." हे ऐकून मी मॅडमना तिथूनच फोन लावला. आठ दिवसांत साफ आणि बंद केल्यावर दुप्पट, हे स्टेरॉइड मिसळल्याचं लक्षण असू शकतं. सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं तर अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्या उठण्याचा धोका असतो, रुग्णालयात दाखल करायची वेळ येते. म्हणून 'फेकून द्या' एवढं सांगून चालत नाही. मावशींना दुसऱ्या दिवशी ओपीडीत यायला सांगितलं, पुडी सोबत घेऊन.

मलमांची गोष्टही हीच. २०१८ मध्ये केंद्रानं १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायच्या यादीतून बाहेर काढलं, तरी 'खाजेची ट्यूब' म्हणून ती सर्रास मिळतात.

पत्रकात एक चौकट वाढली : वेष्टनावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक नसलेलं काही पोटात घेऊ नका. घेत असाल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे या, रागावणार नाही. 'रागावणार नाही' हे शब्द मॅडमनी स्वतः घातले.

१९ जानेवारी

गड्डा यात्रेच्या गर्दीत आठवडा गेला. आज मसुदा पूर्ण केला. 'डबा कुणी घ्यावा' हा भाग सर्वात अवघड होता, कारण पावडर सरसकट वाईट असं लिहिलं तर तेही खोटं ठरेल. अंगभर लाली पसरून कातडी सुटते त्या एरिथ्रोडर्मात प्रथिन खरोखर मोठ्या प्रमाणात जातं, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरतं, पाय सुजतात. तिथे डॉक्टर जास्त प्रथिनांचा आहार देतात आणि जेवण जात नसेल तर पावडरही. वयस्कर, दात नसलेले, बऱ्याच दिवसांच्या आजारानं खंगलेले, यांनाही ती उपयोगी पडते. मात्र त्यातही तिचं काम पोषणाचं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि सायक्लोस्पोरिन या सोरायसिसच्याच दुसऱ्या औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होतो, त्यामुळे ही औषधं चालू असणाऱ्यांनी डब्याचं नाव डॉक्टरांना सांगावं. २०२४ मध्ये भारतीय बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, त्यांतल्या जवळपास ७० टक्क्यांवर प्रथिनाचा आकडा चुकीचा छापलेला निघाला, काहींत सांगितल्याच्या निम्मंच प्रथिन होतं, आणि काहींत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन सापडलं, जे यकृताला घातक असतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाचं यकृत आपण रक्त काढून जपत असतो, हे इथे आवर्जून जोडलं.

कोलॅजेन पावडरीबद्दल दोन ओळी पुरे : तिचे अभ्यास मुख्यतः सुरकुत्या आणि त्वचेच्या ओलाव्याबद्दलचे आहेत, सोरायसिसच्या उपचाराचे नाहीत.

६ फेब्रुवारी

ओपीडीच्या बाकावर बसून मसुदा मोठ्यानं वाचला. 'पोषणपूरक' कुणाला कळलं नाही, तिथे 'पावडर' केलं. 'उष्मांक' काढून 'कॅलरी'. ग्रॅमचे आकडे ऐकताना लोकांचं लक्ष उडत होतं. वाटी, मूठ, एक अंडं म्हटलं की मान हलत होती. म्हणून तक्ता वाट्यांत केला, ग्रॅम बाजूला बारीक अक्षरात.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या एका अक्कांनी विचारलं, आमच्या सासूला मराठी वाचता येत नाही, तेलुगूत मिळेल का? पद्मशाली घरांतल्या जुन्या बाया तेलुगूच बोलतात, आणि पथ्याचा शेवटचा शब्द त्यांचाच असतो. स्वयंपाक ज्यांच्या हुकमानं चालतो त्यांच्यापर्यंत हे पोचलं नाही तर सुनेनं वाचून काय होणार? छापील तेलुगूपेक्षा आवाजात ध्वनिमुद्रण करून मोबाइलवर पाठवावं, असं त्या अक्कांनीच सुचवलं. त्या स्वतः बोलायला तयार आहेत.

२४ फेब्रुवारी

पत्रकं छापून आली. कागद जाड घेतला, स्वयंपाकघरात टिकावा म्हणून.

अण्णा तपासणीला आले होते. कोपरावरच्या खपल्या पातळ झाल्यात, डोक्यातलं अजून आहे. मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं की हा फरक गोळीचा आणि मलमाचा आहे, आणि म्हणूनच गोळी सोडायची नाही. मीही तेच म्हटलं. उसळीनं कोपर बरं झालं असं मी म्हणायला लागले तर त्या दुकानदारात आणि माझ्यात फरक उरणार नाही. जेवणानं त्यांचा अशक्तपणा कमी वाटतोय, वजन एक किलो वाढलंय, दुपारच्या पाळीत हात-पाय गळत नाहीत असं ते म्हणतात. खाड्याचा प्रश्न सुटलेला नाही. रक्ततपासणीची तारीख त्यांच्या साप्ताहिक सुट्टीला धरून देता येईल का, हे मॅडम प्रयोगशाळेशी बोलून बघणार आहेत. जमलं तर यंत्रमागावरच्या बाकी रुग्णांनाही तीच सोय होईल.

मावशींच्या पुडीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी दिली आहे. त्यांचे हात अजून बरे नाहीत, पण आमटी घट्ट झाली आहे आणि ताक सुरू झालंय.

तेलुगू ध्वनिमुद्रण येत्या रविवारी. कन्नडसाठी अक्कलकोटकडची एक परिचारिका मिळाली आहे, तिला मसुदा आजच पाठवला.